सोमवारचे आकडे

"थांबा तिथंच. सूर्य चाललाय."

साळोखेमामा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. दोन एसट्या बदलून, खांद्याला पिशवी आणि हातात उपकरणाची लाकडी पेटी घेऊन मी टेकडी चढून आले होते आणि धापा टाकत उभी होते. मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. एका हातानं एक काळा डबा सूर्याकडे धरलेला, दुसरा हात वाहतूक पोलिसासारखा माझ्या दिशेनं उगारलेला. मी निमूटपणे थांबले. दोन मिनिटांनी त्यांनी डबा खाली घेतला, वहीत आकडा लिहिला, घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, पेनाचं टोपण लावलं आणि मग तोंडभर हसले.

"आता बोला. आलासा व्हय? दहाचं वाचन हुतं. त्याच्याआधी आमच्यात च्या बी मिळत न्हाई."

ही चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. वार शनिवार. मी सत्तावीस वर्षांची होते, पीएच.डी. अर्धी झाली होती आणि संस्थेतल्या तीन संगणकांपैकी एक माझ्या टेबलावर होता. एवढ्या भांडवलावर माणसाला जितकं शहाणं वाटू शकतं, तितकं मला वाटत असे.

माझं काम उपग्रहाच्या आकड्यांवरून ओझोन मोजण्याचं. वरून बघताना उपग्रहाची फसगत होते, कारण मध्ये धूर आणि धूळ येते. हे बारीक कण, म्हणजे एरोसोल, किती आहेत ते कळल्याशिवाय ओझोनचा हिशेब जुळत नाही. म्हणून जमिनीवरून कोणीतरी रोज ठरलेल्या वेळी सूर्याकडे डबा धरून आज हवा किती गढूळ आहे ते सांगायचं. त्या डब्याचं नाव सनफोटोमीटर. आकडा जितका मोठा, तितकी हवा गढूळ. पुण्याच्या आमच्या संस्थेनं अशी नऊ केंद्रं चालवली होती. केंद्र म्हणजे एक खोली, एक पाण्याची टाकी, एक डबा आणि एक माणूस. कोल्हापूरच्या पुढे, नागदरे गावाच्या टेकडीवरचा माणूस म्हणजे श्रीपती साळोखे. निरीक्षक, शिपाई आणि माळी, तिन्ही तेच.

नऊ केंद्रांत नागदऱ्याची वही सगळ्यांत नीटनेटकी होती आणि नेमकी तीच केळुसकर सरांच्या चाळणीत अडकली होती.

केळुसकर सर माझे मार्गदर्शक. त्यांची चाळणी साधी होती. कुठल्याही केंद्राचे आकडे आले की ते वारांप्रमाणे वेगळे करायचे, सगळे रविवार एका बाजूला, सगळे सोमवार एका बाजूला, आणि सरासऱ्या काढायच्या. "हवेला वार कळत नाहीत, बर्वे," सर म्हणायचे, "निरीक्षकाला कळतात." या चाळणीनं त्यांनी पूर्वी एक निरीक्षक पकडला होता. तो रविवारी टेकडी चढतच नव्हता, घरी बसून आकडे टाकत होता. नागदऱ्याच्या आठ वर्षांच्या आकड्यांत दर सोमवारी हवा पाचव्या हिश्श्यानं स्वच्छ होत होती. मंगळवारी पुन्हा गढूळ.

"कोल्हापूरकडचा माणूस," सर म्हणाले. "रविवारी मटण झाल्यावर सोमवारी टेकडी कोण चढतो? अंदाजपंचे आकडे टाकतो आणि शंका नको म्हणून जरा कमीच टाकतो. जा, बघून ये."

त्यांनी सोबत एक पत्र दिलं होतं. खुलासा समाधानकारक नसेल तर नागदऱ्याचे आठ वर्षांचे आकडे बाद, केंद्र बंद आणि निरीक्षकाच्या सेवापुस्तकात तशी नोंद. मामा मे महिन्यात निवृत्त होणार होते. पत्र द्यायचं की नाही ते मी ठरवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मी एसटीत बसतानाच ते ठरवलं होतं.

मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. खोली शेणानं नव्यानं सारवली होती, दारातल्या झेंडूला पाणी घातलेलं होतं, वहीला खाकी कव्हर होतं.

"आठ वर्षांत तुमच्या हपिसातनं कुनी आलं न्हाई बगा," ते बशी पुढे करत म्हणाले. "म्हटलं, रिटायर व्हायच्या आत येक तरी मानूस यावं. हात बघायला आलासा न्हवं? कसा धरायचा, कसा वाचायचा. मी गेल्यावर नव्या मानसाला तुम्हीच शिकवनार."

मी "हो" म्हणाले. चहा चांगला होता.

त्या दिवशी मी त्यांची वाचनं पाहिली. आठ, दहा, बारा, दोन, चार अशा त्यांच्या वेळा. त्यातलं आठचं हुकलं होतं, म्हणून त्यांनी मला ते तोंडी करून दाखवलं. डबा धरताना श्वास कसा रोखायचा, काटा वर जाऊन थरारतो तेव्हा वाचायचं नाही, ठरला की वाचायचं. ढगाची कड सूर्याला शिवत असेल तर वाचन सोडून द्यायचं. "ढगाशी घासाघीस करायची न्हाई," ते म्हणाले. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, आज शनिवार आहे, सोमवारी बघू.

रविवारी त्यांनी जेवायला घरी बोलावलं. टेकडीच्या पायथ्याशीच त्यांचं घर होतं. त्यांच्या बायकोनं, हौसाक्कांनी, अंगणात ताटं मांडली.

"बसा तुम्ही, मी भाकरी आनतो," हौसाक्का म्हणाल्या, आणि मी दोनदा इकडेतिकडे बघितलं, कोण पुरुष बोलला म्हणून. त्या भागात बायका असंच बोलतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हौसाक्कांना ते कळलं असावं, कारण पुढची प्रत्येक भाकरी त्या मुद्दाम "आलो, आलो" करत आणत राहिल्या.

मटण झणझणीत होतं. मी सरांच्या वाक्याची आठवण काढत ते चापून खाल्लं. मध्येच माझ्या रश्श्यात वरून एक काळा बारीक कण पडला. हौसाक्कांनी बोटाच्या टोकानं तो अलगद उचलला.

"खावा, काय हुत न्हाई. फौंड्रीची मिरी हाय. आमच्यात सगळ्यांच्या कालवनात असती."

मी हसले. कण कुठून आला ते बघायला मान वर करायचंही सुचलं नाही. हवेतल्या कणांवर पीएच.डी. करणारी बाई होते मी.

"उद्या काय न्हाई हं असलं," हौसाक्का मामांकडे बघून म्हणाल्या. "उद्या ह्यांचा सोमवार. पाटंचं उठून म्हाद्याच्या डोंगराला जात्यात चालत. जाऊनयेऊन आठ मैल. आन दिवसभर पोटात नुसतं साबुदानं."

घास माझ्या हातातच राहिला. उपास, डोंगर आणि आठ मैल. सरांचा अंदाज मटणाचा होता, तेवढाच चुकला होता. बाकी सगळं बसत होतं. मला इतका आनंद झाला की मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी खोटं बोलले. म्हणाले, काम झालं, संध्याकाळच्या गाडीनं निघते. मामांचा चेहरा उतरला. हौसाक्कांनी "वाटंत खावा" म्हणून चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. मी ते गाठोडं घेऊन स्टँडसमोरच्या लॉजवर गेले आणि सोमवारी सकाळी सात वाजता ते गाठोडं आणि माझी पेटी घेऊन टेकडीच्या मागच्या बाजूनं वर चढले. पाण्याच्या टाकीमागे बसले.

सव्वासात झाले. साडेसात. पावणेआठ. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. आज सांगायला लाज वाटते, पण मला आनंद होत होता. प्रबंधात हा प्रसंग कुठल्या शब्दांत घालायचा याचा मी विचार करत होते.

आठला आठ मिनिटं कमी असताना मामा आले. कपाळावर भस्म, पायात धूळ, सदरा घामानं चिकटलेला. आल्याआल्या त्यांनी हात धुतले, फडक्यानं पुसले, डब्याची काच पुसली आणि आठच्या ठोक्याला डबा सूर्याकडे धरला. मीही टाकीमागून माझा डबा धरला. काटा ठरला. आकडा शनिवारच्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी होता.

मी डबा पालथा करून बघितला, काच पुसली, पुन्हा वाचलं. तेच. उपकरण नवंकोरं होतं, संस्थेत आदल्याच आठवड्यात तपासलेलं. मला काही सुचेना. काही सुचत नसलं की माणसाला भूक लागते, म्हणून मी गाठोडं सोडलं. ज्याला पकडायला बसले होते त्याच्याच घरची भाकरी खात मी दहा वाजेपर्यंत तिथे बसून राहिले.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मामा मागे न वळता म्हणाले, "बाई, टाकीची सावली सरकती तुमच्याकडं. हितं उन्हात या. तितं वाचन चुकंल."

मी पेटी उचलून बाहेर आले. चटणीचा हात कुठे पुसावा ते कळेना.

"तुम्हाला कधी दिसले मी?"

"आठालाच. पर भाकरी सोडत हुतासा, म्हनून हाक मारली न्हाई. धरा डबा, दहा हुत्यात."

आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून वाचन घेतलं. त्यांनी आधी माझा आकडा विचारला, मग स्वतःचा दाखवला. शेवटचा अंक तेवढा एकानं वेगळा होता.

"मामा," मी म्हणाले, "आज हवा एवढी स्वच्छ कशी?"

"सोमवार न्हाई का."

"सोमवार आहे म्हणजे काय?"

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं. "फौंड्र्या बंद."

"सुट्टी रविवारी असते ना?"

"त्ये तुमच्याकडं. हिकडं सगळं कारखानं येकदम चाललं तर वीज पुरत न्हाई. म्हनून सुट्टीचा वार वाटून दिलाय. आमच्या गावाला सोमवार आलाय. त्या दिशी येक भट्टी पेटत न्हाई."

मी खाली बघितलं. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, गावाच्या कडेला धुराड्यांची रांग होती. मी मोजली. एकतीस भरली. एकातूनही धूर येत नव्हता. आदल्या दिवशी याच धुराड्यांकडे तोंड करून मी जेवले होते. त्यांची मिरी माझ्या ताटात पडली होती. रविवारी.

आठ वर्षं दर सोमवारी नागदऱ्याची हवा खरोखरच स्वच्छ होत होती. हवेला वार कळत होता.

"हे तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?" माझा आवाज जरा चढलाच.

"कळिवलं की," मामा शांतपणे म्हणाले. "दर सोमवारी."

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. तारीख, वेळ, आकडा, ढग, वारा, आणि शेवटी एक रुंद रकाना, वर लिहिलेलं 'शेरा'. त्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'फौं. बंद.' मी पान उलटलं. पुढच्या सोमवारी, 'फौं. बंद.' त्याच्या पुढच्या. मध्येच एका सोमवारी, 'फौं. चालू. दसऱ्यास सुट्टी घेतल्याने.' आणि त्या सोमवारचा आकडा इतर वारांसारखा गढूळ. मामांनी खोलीतून जुन्या वह्या आणल्या. शहाऐंशी सालापासून एकही सोमवार सुटला नव्हता.

या वह्यांची नक्कल दर महिन्याला टपालानं पुण्याला येत होती. ती संगणकात भरायचं काम दोन वर्षांपूर्वी सुरू झालं, तेव्हा भरणाऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, "या शेवटच्या रकान्याचं काय करू? यात मराठीत काहीबाही लिहिलंय." मी मान वर न करता म्हणाले होते, "तो सोडून द्या. संगणकाला आकडेच लागतात."

मी मामांच्या स्टुलावर बसले. खाली गावातून कोंबडा आरवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. कारखाने बंद असले की तो ऐकू येतो, हे तेव्हा लक्षात आलं.

"बाई," मामा म्हणाले, "तुम्ही हात बघायला आला न्हाईसा."

मी पिशवीतून पत्र काढलं आणि त्यांना दिलं. द्यायला नको होतं असं पुढे बऱ्याच जणांनी मला सांगितलं. पण टाकीमागे लपून झालं होतं, आणखी काय लपवायचं राहिलं होतं?

पत्र इंग्रजीत होतं. मामा एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"अनरिलायबल म्हंजे?"

"मामा, जाऊ दे. आता त्याला काही अर्थ नाही."

"सांगा की. माझ्यावरच लिवलंय."

"ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही असा."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि मला परत दिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आठ वर्षांत दोनच दिस चुकल्यात," ते म्हणाले. "येक पोरीच्या लग्नाचा, येक आई गेली तो. ती पानं कोरी हाईत, बगा तुम्ही. लई सोपं हुतं की वो भरायला. आदल्या दिशीचा आकडा बगायचा, त्याच्या आजूबाजूचं कायतरी लिवायचं. कुनाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

मला रडू आलं आणि ते मला आवरेना. शेंगदाण्याच्या चटणीच्या हातानं डोळे पुसल्यामुळे ते जास्तच येऊ लागलं. मामांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी डोळे धुतले. त्यांना हसू फुटलं होतं, पण ते त्यांनी मिशीत ठेवलं.

"असू द्या. तरी तुम्ही स्वतः बगायला आलासा. नुसतं पाकीट टाकलं असतं म्हंजे मला शब्दाचा अर्थ बी कुनी सांगितला नसता." मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "चला, बारा हुत आल्यात. ह्ये वाचन तुम्ही घ्या. माझ्या डब्यानं. मी लिवतो."

मी त्यांचा डबा घेतला. श्वास रोखला. काटा वर गेला, थरारला. मी आकडा सांगितला, मामांनी लिहिला, आणखी काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं.

दुपारी मी गावातल्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "पण बर्वे, हवेला वार..."

"फौंड्रीला कळतात, सर."

बूथवाला कान देऊन ऐकत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "बरोबर हाय."

कारखान्यांच्या सुट्टीचा हवेच्या गढूळपणावर होणारा परिणाम, हा माझा पहिला शोधनिबंध. आजही लोक मला त्याच्यामुळेच ओळखतात. त्यावर तीन नावं आहेत आणि त्यातलं मधलं श्रीपती साळोखे. सरांनी त्याला सुरुवातीला नाक मुरडलं, मग स्वतःच सेवापुस्तकात प्रशंसेची नोंद करून घेतली. मामा मेमध्ये निवृत्त झाले. हौसाक्कांनी मला लोणच्याची बरणी पाठवली, त्यासोबत चिठ्ठी होती, 'मी बरा आहे, तुम्ही कशा आहात.' आता दोघंही नाहीत.

परिषदांत तरुण मुलं विचारतात, हा सोमवार तुमच्या लक्षात कसा आला? पूर्वी मी मोठं उत्तर द्यायचे. चाळणी, उपग्रह, सरासऱ्या वगैरे.

गेल्या वर्षी संस्थेनं सगळ्या जुन्या वह्या पुन्हा पहिल्यापासून, शेऱ्यांसकट, संगणकात घ्यायला काढल्या. नागदऱ्याच्या वह्या मी माझ्याकडे मागून घेतल्या. चौऱ्याण्णवची वही काढून तो सोमवार शोधला. आठ वाजता, 'फौं. बंद.' दहा वाजता, 'फौं. बंद. दोन डब्यांनी पडताळले.' बारा वाजता माझा आकडा, आणि पुढे त्याच बारीक, सरळ अक्षरात:

'वाचन पुण्याच्या बाईंनी घेतले. डोळ्यांत पाणी होते व हात हलत होता. ग्राह्य धरू नये.'

मी वही शेवटापर्यंत चाळली. मग बाकीच्याही सगळ्या चाळल्या. ग्राह्य धरू नये असा शेरा त्या माणसानं सव्वाआठ वर्षांत एकदाच लिहिला होता.

दीडशे प्रयोगशाळांनी वापरलेल्या त्या आकड्यांच्या संचात माझं वाचन पंचवीस वर्षांहून अधिक काळ तसंच बसून होतं. मी ते काढून टाकलं आणि तिथे रकाना कोरा ठेवला.